अभय कुणाच्या भरवशावर?

ठाणेकराला किल्ला विचारला तर तो घोडबंदरकडे बोट दाखवतो. शहराच्या ऐन मध्यात, खाडीच्या अंगाला उभा असलेला किल्ला आमच्या हिशेबातच नाही, कारण त्याचं कधीच मध्यवर्ती कारागृह झालं. बाहेर भेटीला आलेल्या नातेवाइकांची रांग, पोलिसांच्या गाड्या, समोरून रिक्षांची वर्दळ. किल्ल्याची म्हणून एकच गोष्ट इथं रंगवून सांगितली जाते : १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन इथून निसटले, ती. तीत मजा आहे, आपला माणूस जिंकतो.

२८ डिसेंबर १७७४ ची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. मुंबईकर इंग्रजांना साष्टी हवी होती आणि किल्ला मराठ्यांकडे होता. आदल्या रात्री इंग्रजांचा हल्ला फसला, त्यांची बरीच माणसं पडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पुन्हा हल्ला चढवला, आत शिरले आणि शिबंदीतल्या बहुतेकांना कापून काढलं. हे इंग्रज इतिहासकारांनीच लिहून ठेवलंय, आणि लिहिताना त्यांचा हात काही फारसा अडखळलेला दिसत नाही. अडखळायचं कारणही नव्हतं. युरोपातल्या तेव्हाच्या युद्धरिवाजाप्रमाणे, तटाला खिंडार पडल्यावरही जी शिबंदी शरण येत नाही, तिला जीवदान द्यायचं बंधन चढाई करणाऱ्यावर नसे. म्हणजे कत्तल नियमात बसत होती. युद्धाचे नियम म्हटलं की आपल्याला रेडक्रॉस आठवतो; पण नियम हे मारायची सोय लावण्यासाठीही केलेले असतात.

याच्या पस्तीस वर्षं आधी, इथून लोकलच्या अंतरावर, वसईला उलट घडलं होतं. चिमाजी आप्पांची हजारो माणसं त्या वेढ्यात मेली. सुरुंग, पावसाळा तोंडावर, सैन्य चिडलेलं. तरीही मे १७३९ मध्ये तह झाला तेव्हा पोर्तुगीज शिबंदीला आठ दिवसांची मुदत मिळाली. हत्यारांसह, नगारे वाजवत, बायकापोरांना घेऊन ती बाहेर पडली. मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मुभा होती. हे वाचून कुणाचीही छाती फुगेल, माझीही फुगते. पण लगेच बंगाल आठवतो. तिथं १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी चौथाईच्या नावानं जो धुमाकूळ घातला, त्याच्या भीतीवर तिथल्या आया आजही पोरांना झोपवतात. तेही आपलेच. त्यामुळे हा लेख 'आमची परंपरा किती थोर' या वळणावर जाणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

मला यात खुणावतं ते शिवाजी महाराजांचं एक पत्र. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेलं. शाळेत आपल्याला त्यातलं 'रयतेला त्रास देऊ नका' एवढंच शिकवतात. पत्रात निम्म्याहून अधिक मजकूर गवताचा आणि दाण्याचा आहे. पावसाळ्याची बेगमी आत्ताच उधळाल तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी मरायला लागतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी शिराल. कुणी दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी. आणि मग लोक म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे तर उंदरापर्यंत गोष्ट जाते : दिवा जळता ठेवाल, उंदीर वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल. राजा आपल्या सरदारांना उंदराबद्दल लिहितो. लुटू नका असं बजावून तो थांबत नाही. लुटायची पाळी येऊ नये म्हणून गवत मोजायला लावतो. सैन्याच्या नीतीबद्दल मी जे काही वाचलंय त्यात याहून शहाणं काही मला सापडलेलं नाही.

हे पत्र डोक्यात ठेवून स्रेब्रेनिचाचा अहवाल वाचावा. संयुक्त राष्ट्रांनी आपल्याच अपयशावर १९९९ मध्ये काढलेला. मी तो वाचला तो इतिहासाची मास्तरीण म्हणून, निवृत्तीनंतरच्या रिकाम्या दुपारी.

स्रेब्रेनिचा हे बोस्नियाच्या पूर्वेकडचं डोंगरातलं लहान गाव. चांदीच्या खाणींचं. १९९३ च्या मार्चमध्ये तिथं आजूबाजूच्या खेड्यांतून पळून आलेले हजारो बोस्नियाक मुसलमान सर्बांच्या वेढ्यात अडकले होते. संयुक्त राष्ट्रांचे फ्रेंच जनरल मोरियाँ तिथं पोचले. बायकांनी त्यांची वाट अडवली, त्यांना जाऊ देईनात. तेव्हा त्यांनी जमावाला सांगितलं की तुम्ही आता संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षणाखाली आहात, मी तुम्हाला सोडून जाणार नाही. वर कुणाला विचारून ते हे बोलले नव्हते. पण बोलले. आणि १६ एप्रिलला सुरक्षा परिषदेनं ठराव ८१९ करून त्या गावाला 'सुरक्षित क्षेत्र' म्हटलं. पुढे अशी सहा क्षेत्रं झाली. ती राखायला सेनाधिकाऱ्यांनी चौतीस हजार सैनिक मागितले. परिषदेनं साडेसात हजारांच्या आसपासवर भागवलं. त्याला नाव दिलं 'हलका पर्याय'. ठरावात 'रक्षण' हा शब्द घ्यायचा की 'हल्ल्यापासून परावृत्त करणे' हा, यावर न्यूयॉर्कमध्ये खल झाला आणि दुसरा घेतला गेला. गावातल्या बाईला यातलं काही कळायचा प्रश्न नव्हता. तिनं निळी टोपी पाहिली आणि पोरांना घेऊन तिथं राहिली.

एवढंच नाही. सुरक्षित क्षेत्र म्हणजे निःशस्त्र क्षेत्र, म्हणून गावातल्या लढवय्यांकडून काही हत्यारं काढून घेण्यात आली. सगळी नाही मिळाली, आणि तिथल्या लोकांनी आसपासच्या सर्ब खेड्यांवर छापे घातले हेही खरं. पण १९९५ च्या जुलैत बोस्नियातल्या सर्बांचा सेनापती म्लाडिच याचं सैन्य चालून आलं तेव्हा लोक तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या डच तुकडीकडे आपली हत्यारं परत मागायला गेले आणि ती मिळाली नाहीत. डच साधारण चारशे. त्यांच्याकडे जायची रसद सर्बांच्याच नाक्यांवरून जायची, आणि सर्ब ती अडवत होते. डिझेल संपलं होतं म्हणून गस्त पायी चालली होती. रजेवर गेलेले सैनिक परत येऊ दिले जात नव्हते. विमानांनी बाँब टाकावेत ही मागणी कागदपत्रांत आणि होय-नाहीत अडकली; ११ जुलैला दुपारी दोन विमानं आली, थोडं काही टाकलं. ओलीस धरलेल्या डच सैनिकांना मारू, अशी सर्बांनी धमकी दिली, आणि तेही थांबलं. गाव पडलं.

लोक पळाले ते पोटोचारीला, डच तळाकडे. तळ म्हणजे बॅटऱ्यांचा बंद पडलेला कारखाना. पाचेक हजार आत घेतले गेले, मग दार बंद. वीस हजारांच्या वर लोक बाहेर, जुलैच्या उन्हात. पुढच्या दोन दिवसांत सर्बांनी बायकामुलांना बसमध्ये घातलं आणि पुरुषांना वेगळं काढलं. १३ जुलैला तळाच्या आतल्यांनाही बाहेर जायला सांगितलं गेलं, आणि त्यांत पुरुषही होते. हसन नुहानोविच हा संयुक्त राष्ट्रांचा दुभाषा. ओळखपत्र असल्यामुळे त्याला राहता येत होतं. त्याच्या आईला, वडिलांना आणि धाकट्या भावाला 'तुम्ही आता जा' हे त्याच्यादेखत सांगितलं गेलं. वडिलांनी लोकांच्या वतीनं वाटाघाटींत भाग घेतला होता म्हणून त्यांना थांबायची परवानगी मिळाली. धाकट्याला एकटं कसं पाठवायचं म्हणून तेही निघाले. तिघंही परतले नाहीत. त्या आठवड्यात आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले गेले.

हसन दहा वर्षांच्या आसपास कोर्टात भांडला. २०१३ मध्ये डच सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की त्याच्या वडिलांना, भावाला आणि आणखी एका माणसाला तळाबाहेर घालवल्याबद्दल डच राज्य जबाबदार आहे. त्याआधी २००२ मध्ये, सरकारनंच नेमलेल्या अभ्यासकांचा अहवाल आल्यावर पंतप्रधान विम कोक यांचं अख्खं मंत्रिमंडळ पायउतार झालं होतं. मग २०१९ चा निकाल. तळाच्या आत असलेल्या सुमारे साडेतीनशे पुरुषांबाबतचा. न्यायालय म्हणालं, त्यांना आत राहू दिलं असतं तर सर्बांनी त्यांना तिथूनही ओढून नेलं असतं की नाही? वाचण्याची शक्यता किती होती? खालच्या न्यायालयानं तीस टक्के धरली होती. सर्वोच्च न्यायालयानं दहा टक्के धरली. म्हणून नुकसानीच्या दहा टक्के जबाबदारी.

मी या दहा टक्क्यांशी बराच काळ अडले. कायदा म्हणून ते चुकीचं नाही. नुकसानभरपाईचं गणित असंच चालतं. तरी एका शब्दानं सांगायचं तर ते उद्धट वाटतं. ज्यानं अभय दिलं, त्यानं ते पाळलं नाही, आणि आता तो म्हणतो की पाळलं असतं तरी तुमचा फायदा दहाच टक्के होता. पण मूळ प्रश्न त्या दिवशीच्या दाराचा आहे का? १९९३ मध्ये अभय दिलं नसतं तर त्या लोकांनी काय केलं असतं? कदाचित रात्री डोंगरातून पळाले असते, हत्यारं दिली नसती, मुलांना आधीच पाठवलं असतं. कदाचित तेव्हाच मेले असते. सांगता येत नाही. एवढं मात्र सांगता येतं की अभयामुळे ते एका जागी गोळा झाले आणि मारणाऱ्याचं काम सोपं झालं. अपुऱ्या ताकदीनं दिलेलं अभय हे काहीच न दिल्यापेक्षा अनेकदा वाईट असतं. हे मला कुठल्याही न्यायालयाच्या टक्क्यांत मिळत नाही.

(बोस्नियातल्या त्या शांतिसेनेचे पहिले सेनापती आपले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं : लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून पुढे आलेले, १९७१ चे वीरचक्रवाले. ते मार्च १९९३ मध्ये, म्हणजे सुरक्षित क्षेत्रांच्या ठरावाआधी, परतले.)

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक सुभेदारसाहेब राहतात. मूळचे खटावकडचे. सैन्यातून उतरल्यावर घोडबंदर रोडच्या एका मोठ्या संकुलात सुरक्षा बघायचे, आता तेही सोडलं. श्रीलंकेत होते. स्रेब्रेनिचाचं मी त्यांना सांगायला लागले तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो डिझेलचा. दुसरा, "ताई, काडतुसं माणशी किती होती?" म्लाडिच कोण, बोस्निया कुठं, हे नंतर.

श्रीलंकेबद्दल आपण मराठीत फार कमी बोलतो. २९ जुलै १९८७ ला भारत-श्रीलंका करार झाला, भारतीय शांतिसेना गेली ती तमिळांच्या रक्षणाला. वाघांनी, म्हणजे एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेनं, हत्यारं खाली ठेवायची होती. थोडी ठेवली. ऑक्टोबर उजाडेपर्यंत शांतिसेनेची वाघांशीच लढाई जुंपली. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरनं उतरवलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तुकडीतला एक जवान सोडून सगळे मारले गेले. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्म मुंबईतला, नोव्हेंबरात पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे बाराशे जवान गेले होते. कोलंबोचं सरकार त्यांना जा म्हणत होतं, आणि मद्रासच्या धक्क्यावर मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत.

हे सगळं आपण दुःखानं सांगतो. पण २१ ऑक्टोबर १९८७, दिवाळीचा दिवस, हे सांगायचं टाळतो. त्या दिवशी आपले जवान जाफनाच्या मोठ्या इस्पितळात शिरले. साठ-सत्तर माणसं मेली, त्यांत रुग्ण, डॉक्टर, परिचारिका. लष्कराचं म्हणणं, आतून गोळीबार झाला, चकमकीत सापडले. वाचलेल्यांचं म्हणणं वेगळं आहे, आणि ते वाचल्यावर चकमकीचा खुलासा मला पुरेसा वाटत नाही. जीनिव्हा करारांवर सही केलेला, १९६० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केलेला आपला देश. डच लोकांनी स्वतःच्या सैन्यावर अहवाल काढला, सरकार गेलं, खटले झाले. आपल्याकडे जाफनाच्या इस्पितळाचं नाव संसदेतल्या एखाद्या जुन्या प्रश्नाखेरीज कुणाच्या ओठी येत नसेल.

सुभेदारसाहेबांना मी हे विचारलं. ते त्या पट्ट्यात नव्हते, वावुनियाकडे होते. इस्पितळाबद्दल ते बोलले नाहीत, मीही रेटलं नाही. त्यांनी दुसरंच सांगितलं. एका सकाळी रस्त्यातल्या सुरुंगात त्यांच्या गाडीपुढची गाडी उडाली. दोघं गेले. शंभर पावलांवर वस्ती. तुकडीतली पोरं रागानं पेटलेली, हात ट्रिगरवर. त्यांच्या हवालदारानं सगळ्यांना रस्त्याच्या कडेला खाली बसवलं आणि काडतुसं मोजायला लावली. प्रत्येकानं मॅगझिन काढायचं, मोजायचं, आकडा मोठ्यानं सांगायचा. हवालदार छोट्या वहीत लिहून घेणार. मग वस्तीत झडतीला जायचं, आणि आल्यावर पुन्हा मोजायचं. "मोजायला अर्धा तास गेला," सुभेदारसाहेब म्हणाले. "डोकं तेवढ्यात खाली आलं. आणि आत गेल्यावर प्रत्येकाला ठाऊक, की एक जरी कमी भरलं तरी वहीत दिसणार." तेव्हाचे दोन तमिळ शब्द त्यांना अजून येतात : 'निल्लु', म्हणजे थांब, आणि 'तण्णी', पाणी.

हवालदारानं भाषण दिलं नव्हतं. मला ती वही आणि चिपळूणच्या पत्रातलं गवत एकाच जातीचं वाटतं.

मग रवांडा. तिथं १९९४ च्या जानेवारीतच शांतिसेनेचे सेनापती, कॅनडाचे जनरल रोमेओ दालेर यांनी न्यूयॉर्कला कळवलं होतं की हत्यारांचे साठे आहेत, मारायच्या याद्या तयार होताहेत, मी छापे घालतो. उत्तर आलं, घालू नका, ते तुमच्या कामात बसत नाही. एप्रिलमध्ये तुत्सी लोकांची कत्तल सुरू झाली, शांतिसेनेतले दहा बेल्जियन सैनिक मारले गेले, बेल्जियमनं आपली माणसं काढून घेतली. किगालीतल्या एका तांत्रिक शाळेत बेल्जियनांच्या भरवशावर दोनेक हजार लोक येऊन राहिले होते. ११ एप्रिलला ट्रक निघाले. लोक ट्रकांना बिलगले. बाहेर सुरेवाले उभे होते, ते दिसत होते. त्यांतले बहुतेक लोक त्याच दिवशी मारले गेले. दहा दिवसांनी सुरक्षा परिषदेनं शांतिसेना २७० माणसांवर आणायचा ठराव केला. साधारण शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मेली.

त्याच किगालीत सेनेगलचा कॅप्टन एमबाय दियाञ होता. लष्करी निरीक्षक, म्हणजे हातात शस्त्र नाही. हस्तक्षेप करू नये असा हुकूम असताना तो एका गाडीतून तीन-चार, तीन-चार माणसं लपवून नाक्यांवरून काढत राहिला. नाक्यावर सिगारेटी वाटायचा, विनोद करायचा. किती वाचवले याचे आकडे वेगवेगळे आहेत, पण शेकड्यात. ३१ मेला तोफगोळ्याच्या स्फोटात तो गेला. आज असामान्य धैर्यासाठीचं संयुक्त राष्ट्रांचं पदक त्याच्या नावाचं आहे. हुकूम मोडणाऱ्याच्या नावाचं पदक हुकूम देणाऱ्या संस्थेनं काढावं, यातली गंमत न्यूयॉर्कमध्ये कुणाच्या लक्षात आली असेल का?

मी हे मोठ्या उत्साहानं सुभेदारसाहेबांना सांगितलं. ते खूश होतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तो एकटा होता, ताई. एकटा माणूस मोडू शकतो. पलटणीनं तसं करून चालत नाही. आज चांगल्यासाठी मोडला, उद्या दुसरा दिवाळीच्या दिवशी मोडेल." दिवाळीचा उल्लेख त्यांनी केला, मी नाही. एवढं बोलून ते चहाकडे वळले.

त्यांचा पुतण्या दक्षिण सुदानला शांतिसेनेत जाऊन आला. घरात तेव्हा आनंदच होता. परदेशी भत्ता मिळतो, गावाकडे घराचा वरचा मजला झाला. ठराव करतात ते पाच कायम सदस्यांच्या मर्जीनं, आणि दारावर उभे राहतात ते मुख्यतः नेपाळचे, बांगलादेशाचे, रवांडाचे, आपल्या खटावचे. पावणेदोनशेच्या आसपास भारतीय आजवर निळ्या टोपीत मेले आहेत, इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त.

दक्षिण सुदानात एक गोष्ट मात्र वेगळी घडली. डिसेंबर २०१३ मध्ये यादवी पेटली तेव्हा तळांची दारं उघडली गेली. पोटोचारीच्या उलट. अकोबोच्या तळावर आसरा घेतलेल्यांना मारायला जमाव आला, त्यात दोन भारतीय जवान गेले. पुढे लाखावर लोक वर्षानुवर्षं तळांच्या कुंपणात राहिले. आणि मग फेब्रुवारी २०१६ मध्ये मलाकालच्या तळावर हत्यारबंद माणसं कुंपण कापून आत शिरली, तंबू जाळले, तिसाच्या आसपास माणसं मेली. चौकशीत निघालं की काही पहारेकऱ्यांनी चौक्या सोडल्या, काहींनी लढायचं नाकारलं. गोळी चालवायला लेखी परवानगी मागितल्याचंही बाहेर आलं.

लेखी परवानगी! मला हे ऐकून संताप आला आणि मी तो सुभेदारसाहेबांवर काढला. समोर माणसं जळताहेत आणि हा कागद मागतोय.

ते म्हणाले, "कागद मागणारा शिपाई भित्रा असेलच असं नाही. त्याला कुणीतरी आधी तोंडी हुकमावर पाठवून नंतर एकटं पाडलेलं असतं."

मी म्हटलं, तंबूतल्यांना त्याचं काय करायचं?

"काहीच नाही," ते म्हणाले. "तेही बरोबर आहे तुमचं." मग म्हणाले, पुतण्या दिवाळीला येणार आहे, त्याला विचारा, कुंपण केवढं होतं आणि रात्री पहाऱ्याला किती जण असायचे.